हिरव्या झाकणाचा डबा

आमच्या ब्लॉकसमोर, म्हणजे इमारतीसमोर, एक चर्च आहे. देश सोडून इथे बेडोकमध्ये राहायला येऊन मला चौदा वर्षं झाली. त्यातली साडेतेरा वर्षं त्या चर्चबद्दल माझी एकच तक्रार होती, ती म्हणजे रविवारच्या पार्किंगची. माझ्याकडे गाडी नाही, तरीही होती. कुणाच्या तरी गाड्या आपल्या दारात उभ्या राहतात आणि ती माणसं कोण हे आपल्याला कधीच कळत नाही, भांडायला मला एवढं कारण पुरतं.

नाताळच्या आधी त्यांचं सोनेरी कडांचं निमंत्रण लेटरबॉक्समध्ये पडायचं. ते मी पिझ्झाच्या जाहिरातींबरोबर तिथल्याच कचऱ्याच्या डब्यात टाकायचे. रविवारी सकाळी गाणी ऐकू यायची. ती मात्र मला आवडायची, खिडकी उघडी ठेवून चहा घ्यायचे. पण गाणारे कोण, कुठून येतात, हे विचारावंसं कधी वाटलं नाही. त्यांनीही मी कोण ते विचारलं नव्हतं, त्यामुळे फिटंफाट होती.

बाबा गेल्यावर आई दोन वर्षं सांगलीला एकटी राहिली. मग एक दिवस बाथरूममध्ये घसरली. मोडलं काही नाही, पण फोनवर ते ऐकून माझंच अवसान गेलं. मी एकुलती एक, लग्न केलेलं नाही, आणि हुकूम सोडण्याची सवय लहानपणापासूनची. गणपती आटोपल्यावर सांगलीच्या घराला कुलूप घातलं, किल्ली शेजारच्या काकूंकडे दिली आणि आईला घेऊन आले.

मी रॅफल्स प्लेसला एका बँकेत जोखीम बघण्याचं काम करते. काय काय बिघडू शकतं याची यादी आधीच करून ठेवायची, हा माझा धंदा. आईसाठीही मी यादी केली होती. बाथरूमला धरायचे दांडे बसवले, न घसरणाऱ्या चपला आणल्या, मराठी मालिका लावून दिल्या, टेक्का मार्केटमधून मेथी-शेपू आणून फ्रीज भरला. गुडघ्याला पट्टा, गॅसला आपोआप बंद होणारं बटण. रोज संध्याकाळी हातात काहीतरी घेऊन घरी यायचे. आई म्हणायची, "कशाला गं एवढं?" आणि मला आपण फार चांगली मुलगी असल्यासारखं वाटायचं.

तिचा इथे राहायचा पास एक वर्षाचा होता. तो पुढे वाढवायचा आणि सांगलीचं घर भाड्यानं देऊन टाकायचं, असं मी मनाशी ठरवलं होतं. मनाशी ठरवलं की झालं, ही माझी पद्धत. आईला एकदा विचारलंही. "तू म्हणशील तसं," ती म्हणाली. याचा अर्थ हो असा असतो, असं मी समजत होते.

संक्रांत झाल्यावर घरातली साखर भराभर संपायला लागली. मग रवा, मग बेसन. आम्ही दोन बायका, त्यातली एक मी, डाएटवर. आईला विचारलं तर म्हणाली, "टोपीवालीचा डबा येतो."

"कोण टोपीवाली?"

"इथलीच आहे की. चिनी आहे. उन्हाची टोपी घालते, पुढे छज्जा असलेली. दुपारी डबा आणून देते, दुसऱ्या दिवशी घेऊन जाते. आता रिकामा कसा द्यायचा?"

माझ्या डोळ्यांपुढे आमच्याच बाराव्या मजल्यावरची कोणीतरी बाई आली. मला बरं वाटलं. आईला शेजार मिळाला, यादीतली अजून एक ओळ आपोआप सुटली. त्या बाईचं नाव काय, ती कुठल्या दारात राहते, मी काही चौकशी केली नाही. साखरेची दोन किलोंची पिशवी आणून ठेवली.

हळूहळू डब्याचे किस्से संध्याकाळच्या चहाला येऊ लागले. पहिल्या दिवशी आईनं घासूनपुसून नुसती चिमूटभर साखर घातली होती, कारण अचानक आलेल्या डब्यात दुसरं काय घालणार. दुसऱ्या दिवशी रव्याचे लाडू. मग कोथिंबीर वडी, शंकरपाळे, एकदा तर साबुदाण्याची खिचडी. त्या बाईला इंग्रजी येतं, चिनी येतं, मलाय येतं. आईला मराठी आणि बाजारापुरतं हिंदी. तरी दोघींचं जाळीच्या दारातून दहा दहा मिनिटं चालायचं. टोपीवाली मनगटाकडे बोट दाखवून तोंड वाकडं करी, म्हणजे संधिवात. आई गुडघ्यावर हात मारी.

"आत बोलाव की तिला," मी म्हटलं.

"बोलावते. येत नाही. हात हलवून नको नको करते आणि पळते. घाईत असते बिचारी."

"आणि तिच्या डब्यात काय असतं?"

"भात, कोबी, ते पांढरं पनीरसारखं असतं ते. कोबी बरा करते, पण मीठ घालायचं रोज विसरते. मी वरून घालून घेते. कुणाला नावं ठेवू नयेत."

होळीला आईनं पुरणपोळ्या केल्या. त्या हिरव्या झाकणाच्या प्लास्टिकच्या डब्यात मावेनात, म्हणून तिनं सांगलीहून आणलेला कडीचा स्टीलचा डबा भरून दिला. तो डबा बाबांच्या पहिल्या पगारातला होता. मी म्हटलं, "तो कशाला दिलास, परत आला नाही तर?" आई माझ्याकडे अशी बघायला लागली की मी तो विषय सोडला.

त्यानंतर आठवड्याभरानं मी दातांसाठी दुपारची रजा घेतली होती. डॉक्टरकडून लवकर सुटले, घरी आले, तेवढ्यात बेल वाजली. आई कढईतल्या भाजलेल्या बेसनात अडकली होती, म्हणून दार मी उघडलं. बाहेर साधारण अडुसष्ट-सत्तर वर्षांची एक बुटकी बाई, डोक्याला छज्ज्याची टोपी, हातात दोन चाकांची ढकलगाडी. गाडीत हिरव्या झाकणांचे डबे एकावर एक रचलेले. माझ्या डोळ्यांत ते रचलेले डबे भरले आणि काहीतरी खटकलं. एक शेजारीण एवढे डबे कुणाकुणाला देते?

"तू मुलगी का?" ती इथल्या इंग्रजीत म्हणाली, वाक्याच्या शेवटी "आह" नाहीतर "ला" जोडतात त्या. "आज ऑफिस नाही, आह?"

मी डबा हातात घेतला. झाकणावर चिकटपट्टी होती. आमचा ब्लॉक, आमच्या घराचा नंबर, आणि खाली लिहिलेलं: वृद्ध, दिवसा एकटी, शाकाहारी, मीठ कमी. त्याखाली समोरच्या चर्चचं नाव.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्या आईला धर्मादाय जेवण. गरजूंच्या यादीत माझं घर. मी इथली नागरिक, बँकेत माझ्या हाताखाली अकरा माणसं, आणि हे लोक माझ्या आईला रोज फुकटचा कोबी खाऊ घालतात. आईला इंग्रजी वाचता येत नाही, म्हणून तिला वाटलं शेजारधर्म चाललाय. तिनं बिचारीनं शेजारधर्म केला.

"कालचा डबा कुठाय?" मी आत जाऊन विचारलं.

"ओट्यावर आहे, थांब, लाडू वळायचेत अजून—"

मी थांबले नाही. आजचा भरलेला आणि कालचा घासून ठेवलेला रिकामा, असे दोन्ही डबे उचलले आणि निघाले. आई मागून काहीतरी म्हणत होती. टोपीवाली लिफ्टपर्यंत माझ्यामागे ढकलगाडी घेऊन धावली, पण मी लिफ्टचं दार तिच्यासाठी धरलं नाही. हे लिहिताना आजही मला लाज वाटते.

रस्ता ओलांडला, चर्चच्या बाजूच्या दारातून आत शिरले, आणि शिरताना सवयीनं चपला बाहेर काढल्या. देवाचं घर म्हटलं की पाय आपोआप चपला सोडतात, मग देव कुणाचा का असेना. त्यामुळे झालं असं की ज्या माणसाला मी फाडून खायला आले होते, त्याच्यासमोर गार फरशीवर अनवाणी उभी राहिले. तो टीशर्टमधला चाळिशीचा माणूस इथला पास्टर निघाला. त्यानं आधी माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग पायांकडे, आणि स्वतःही बूट काढून बाजूला ठेवले. भांडणाची निम्मी हवा तिथेच गेली. उरलेल्या निम्म्यावर मी पाच मिनिटं बोलले.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. त्याच्यामागच्या भिंतीवर आमच्या भागाचा मोठा नकाशा होता, ब्लॉकच्या नंबरांसकट, आणि त्यावर रंगीत टिकल्या. त्यानं सांगितलं की तो वर्षभरापूर्वी इथे आला तेव्हा त्याला एक गोष्ट फार लागली. चर्च तीस वर्षं इथे उभं आहे, पण येणारे बहुतेक जण लांबून गाडीनं येतात, गातात, जेवतात, जातात. समोरच्या ब्लॉकमध्ये कोण राहतं ते कुणालाच माहीत नाही.

"तिथल्या लोकांना आमच्याबद्दल एवढंच माहीत होतं की आमच्यामुळे पार्किंग मिळत नाही," तो म्हणाला.

मी नकाशाकडे बघत राहिले.

म्हणून त्यानं माणसं दारोदार पाठवली. धर्माचं काही बोलायचं नाही, नुसतं विचारायचं आणि लिहून घ्यायचं. आमच्या दारी टोपीवाली आली होती आणि तिच्याबरोबर हिंदी येणारी एक मुलगी. मी ऑफिसात होते.

"मग चुकीचं लिहून घेतलंत," मी म्हटलं. "माझी आई माझ्याबरोबर राहते. तिला काही कमी नाही."

त्यानं फाइल काढली, कागद शोधला आणि माझ्यापुढे ठेवला. म्हणाला, "हे तुमच्या आईंचंच आहे, तुम्ही वाचलंत तर हरकत नाही. काय चुकलंय ते सांगा, मी दुरुस्त करतो."

मी वाचलं. कुणाबरोबर राहता: मुलगी, फार चांगली आहे. दुपारी कुणाबरोबर जेवता: कुणी नाही. दिवसभरात कुणाशी बोलता: रविवारी फोनवर, गावच्या शेजारणीशी. मग त्या मुलीनं पुन्हा विचारलं असावं, कारण कंसात लिहिलं होतं, इतर दिवशी नाही. कशाची गरज आहे: काही नाही, मुलगी सगळं आणते. तुम्हाला स्वतःला काय हवं आहे: मुलीला विचारा.

मी तो कागद दोनदा वाचला. दुरुस्त करण्यासारखं त्यात काही नव्हतं. सहा महिने माझ्या घरात राहणाऱ्या बाईची खुशाली मी समोरच्या चर्चच्या फायलीत वाचत होते. मी रोज संध्याकाळी विचारायचे, जेवलीस का, गोळी घेतलीस का. कुणाबरोबर जेवलीस, हे कधी विचारलं नव्हतं. मला रडू येईल असं वाटलं, आणि परक्यासमोर रडायचं नव्हतं, म्हणून मी पुन्हा भांडले.

"तुम्ही प्रश्न बरोबर विचारलेत," मी म्हटलं. "उत्तरं पण बरोबर लिहिलीत. आणि त्यावर पाठवलंत काय, तर कोबी? तिला जेवण नको होतं, जेवायला कुणीतरी हवं होतं."

तो वरमला. सरळ वरमला, कारणं दिली नाहीत. मला तेव्हाच तो आवडायला लागला, पण मी तसं दाखवलं नाही.

मग त्यानं एक वही उघडली आणि अडखळत म्हणाला, "एक विचारू? पहिल्या दिवशी डब्यात थोडी साखर परत आली. आम्ही खूप विचार केला." वहीत आमच्या नंबरापुढे लिहिलं होतं: साखर परत केली, मधुमेह आहे का पाहावं. त्याच्या पुढच्याच ओळीत: लाडू आले, मधुमेह नसावा.

मला हसू आवरेना. मग मी त्याला समजावून सांगितलं की आमच्याकडे कुणाच्या घरून आलेलं भांडं रिकामं परत करत नाहीत. घरात काहीच नसलं तर चिमूटभर साखर तरी घालतात. आणि भरलेलं भांडं परत गेलं की ते पुन्हा येतं. असं ते चालत राहतं. माझी आई दोन महिने तुमच्या चर्चशी हे करतेय, आणि तुम्ही रोज पाठवताय म्हणून तीही रोज करतेय.

त्यानं वही मिटली. मग म्हणाला, "आमचा नियम आहे. यादीतल्या घरून काही खायचं घ्यायचं नाही, आणि त्यांच्याकडे जेवायला बसायचं नाही. त्यांच्यावर भार पडू नये म्हणून. लाडू आल्यावर मी डबे वाटणाऱ्या आंटीला दोनदा बजावलं होतं. मग वहीत काही आलं नाही, मला वाटलं थांबलं."

एव्हाना टोपीवाली दारात येऊन उभी होती, घामाघूम. तिनं टोपी काढून हातात घेतली होती आणि शाळेतून तक्रार आल्यासारखी बघत होती.

"मग ते सगळं गेलं कुठे?" पास्टरनं तिला विचारलं.

"खाल्लं," ती म्हणाली. मग बोटांवर मोजत पुढे: तिसऱ्या मजल्यावरचे मलाय अंकल, ते आधी विचारतात यात काय काय आहे, मग दोन घेतात. सातव्या मजल्यावरच्या दोघी बहिणी. नवव्यावरची तमिळ आजी, जी चर्चचा डबा जाळीतून हात काढून घ्यायची आणि दार लावून टाकायची. "आता ती दार उघडून उभी असते. विचारते, आज बाराव्या मजल्यावरून काय आलं? चर्चचं कोण विचारतंय, ला. सगळे बाराव्या मजल्याचं विचारतात."

पास्टरनं डोक्याला हात लावला. पाच महिने त्याची माणसं त्या जाळीच्या दारांसमोर उभी राहत होती, आणि ती दारं माझ्या आईच्या कोथिंबीर वडीनं उघडली होती. (आता त्यांच्या फॉर्मवर गरज काय हा प्रश्न तळाशी गेलाय. पहिला प्रश्न आहे, तुम्हाला काय चांगलं करता येतं. मलाय अंकलनी उत्तर दिलं, सायकल दुरुस्ती. ते दर शनिवारी चर्चच्या मागच्या अंगणात पाने-पकडी घेऊन बसतात.)

पण त्या दिवशी मला एवढं सुचलं नाही. मला माझी अब्रू वाचवायची होती. "ते काही असो," मी म्हटलं, "आमचं नाव यादीतून काढा."

त्यानं पेन घेतलं आणि माझ्यासमोर आमच्या नंबरावर रेघ मारली. मी दोन्ही डबे त्याच्या टेबलावर ठेवले, भरलेला आणि रिकामा, आणि चपला घालून घरी आले. रस्ता ओलांडताना मी मनात ठरवून टाकलं होतं की आता आईला तो शेवटचा प्रश्न आपण विचारायचा.

आई लाडू वळून बसली होती. परातीत अठरा लाडू, प्रत्येकावर एक बेदाणा.

"डबा कुठाय?" तिनं विचारलं.

"दिला परत."

"रिकामा?"

मी चपला काढायच्या निमित्तानं खाली वाकले.

"रिकामा दिलास?" आई पुन्हा म्हणाली. रागावली नाही. लाडूंवर ताट झाकलं आणि हात धुऊन आली. मी तिला सगळं सांगितलं, यादी, चिकटपट्टी, चर्च. मला वाटलं तिला अपमान वाटेल. तिनं नुसती मान हलवली.

"ते मला कळलं होतं महिन्यातच," ती म्हणाली. "एवढे डबे घेऊन फिरते ती, सगळ्यांना काय ती शेजारीण आहे? पण मला देते ना. आणि मी तिला देते. मग काय राहिलं?"

मग मी विचारलं. "आई, तुला काय हवंय? खरं सांग. मुलीला विचारा म्हणू नकोस."

ती खिडकीतून बाहेर बघायला लागली. समोर चर्चचं कौलारू छप्पर दिसतं, त्यावर साळुंक्या बसतात.

"मी जाणार होते," ती म्हणाली. "संक्रांत झाली की तुला सांगणार होते, तिकीट काढ म्हणून. तू राबतेस माझ्यासाठी, ते दिसतं मला. पण दिवस संपत नाही गं इथे. तुझा चहाचा कप धुतला की मग संध्याकाळपर्यंत घरात आवाज नाही. सांगायला तोंड उघडणार, तर तो डबा आला. आता आलेला डबा घरात ठेवून कशी जाऊ? भरून दिला, तर परत आला. रोज म्हणायचे, उद्याचं एवढं करून देऊ, मग सांगू. असे दोन महिने गेले." तिनं पदरानं ओटा पुसल्यासारखं केलं, ओटा स्वच्छच होता. "आता नाही कुणाचं काही आपल्याकडे. तर मग काढ तिकीट. पास वाढवू नकोस."

माझ्या यादीत हे नव्हतं. जे एक तिला इथे धरून होतं, ते मी तासाभरापूर्वी रागाच्या भरात टेबलावर आपटून आले होते, वर त्या माणसाकडून रेघ मारून घेतली होती. मी तिला थांब म्हणू शकले असते. ती थांबलीही असती, तू म्हणशील तसं म्हणाली असती. त्या तीन शब्दांची मला पहिल्यांदाच भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात माझं लक्ष लागेना. बारा वाजता मी मॅनेजरला सांगून उठले, एमआरटीची मेट्रो पकडली. वाटेत नेहमीप्रमाणे काहीतरी घ्यावं म्हणून बेडोक स्टेशनवरच्या बेकरीसमोर थांबले, आणि मग न घेताच निघाले. काय घेऊन जाणार होते मी?

आमच्या दाराबाहेर ढकलगाडी उभी होती, रिकामी. तिच्याशेजारी कॅनव्हासचे बूट, नीट जोडीनं लावलेले.

आत टोपीवाली आमच्या टेबलाशी बसली होती, टोपी मांडीवर. पहिल्यांदाच मी तिचे केस पाहिले, अगदी बारीक कापलेले, पांढरेशुभ्र. तिच्यापुढे आईनं ताट वाढलं होतं, वरणभात, लिंबाची फोड, बटाट्याची भाजी, लाडू. टेबलाच्या मधोमध बाबांचा कडीचा डबा. उघडा होता. त्यात हिरवेगार गोळे होते, खोबऱ्यात घोळवलेले, आणि इथल्या पांदानच्या सुगंधी पानांचा वास घरभर सुटला होता.

"यादीत आता नाव नाही," टोपीवाली मला म्हणाली, तोंडात घास होता. "म्हणून आता बसता येतं. पास्टर म्हणाला, ओके. आणि हा डबा पण द्यायचा होता." तिनं डब्याकडे बोट केलं. "साखर चालते म्हणाला, पण नुसती साखर कशी देणार? मला पण लाज आहे, ला."

आई मला बघून उठायला लागली. "तू कशी आत्ता? बरं नाही का?"

"बरी आहे. जेवायला आले."

तिनं माझ्या हातांकडे पाहिलं. "काही आणलं नाहीस?"

"नाही."

"बरं झालं," ती म्हणाली आणि तिसरं ताट घेतलं.

आम्ही तिघी जेवलो. मी दोघींच्या मधे दुभाषी व्हायचा प्रयत्न केला, पण त्यांना माझी फारशी गरज लागली नाही. हिरव्या गोळ्यात पातळ गूळ असतो, तो दाताखाली फुटतो, हे आईला कुणी सांगितलं नव्हतं. तो तिच्या हनुवटीवरून ओघळला. टोपीवाली इतकी हसली की तिला ठसका लागला. सहा महिन्यांत आईला तसं हसताना मी पाहिलं नव्हतं, आणि ते मला आनंदाइतकंच टोचलं.

दोनच्या सुमाराला ती निघाली. आईनं दारात तिचा हात दोन्ही हातांत धरला, जरा जास्तच वेळ. ती कायमचा निरोप घेतेय हे मला कळत होतं. टोपीवालीला कळलं नसावं. ती बूट घालून गेली.

मी ताटं उचलायला टेबलाशी आले, तेव्हा खुर्चीवर तिची कापडी पिशवी दिसली. आत एक डबा, चर्चचा नव्हे, तिच्या स्वतःच्या घरचा. निळ्या फुलांचा, कडेचा टवका उडालेला. गोळे मावले नसतील म्हणून उरलेले त्यात आणलेले असावेत, तळाला थोडं खोबरं चिकटलं होतं. तिनं तो विसरून ठेवला की मुद्दाम, मी तिला आजपर्यंत विचारलेलं नाही.

मी पिशवी घेऊन बाहेर धावले. लिफ्ट अजून यायची होती. ती पाठमोरी, ढकलगाडीला टेकून, वरचे आकडे बघत उभी होती. हाक मारली असती तर तिनं वळून पाहिलं असतं. मी कॉरिडॉरमध्ये उभी राहिले. लिफ्ट आली, दार उघडलं, ती आत गेली, दार बंद झालं.

मी परत आले आणि डबा ओट्यावर ठेवला.

"आई, ती डबा विसरली."

आईनं तो हातात घेतला, उलटा करून पाहिला, टवका उडालेल्या कडेवरून अंगठा फिरवला. मग नळाखाली धरला, घासला, पुसला. परातीवरचं ताट उचलून उरलेले लाडू बघितले. कालचे होते.

"शिळं कसं देणार," ती म्हणाली. "घरात रवा आहे का गं?"

रवा चार दिवसांपूर्वीच संपला होता.

"आहे की," मी म्हटलं, आणि चपला घालून आणायला गेले.